मार्गदर्शकाच्या नावासाठी दुसरी ओळ हवी : विद्यापरिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका संलग्न महाविद्यालयात २४ वर्षांपासून रसायनशास्त्र शिकवते. आपल्यापैकी काहीजण मला पेपर तपासणीच्या कॅम्पमधून ओळखत असतील. आजवर आपल्याकडे आलेले माझे सगळे अर्ज रीतसर, प्राचार्यांच्या सहीनं आले. हे पत्र मात्र उघडपणे लिहिते आहे, कारण यातला प्रश्न, म्हणजे पीएच.डी.च्या एका विद्यार्थ्याला दोन विषयांचे दोन मार्गदर्शक मिळून घेता यावेत हा, माझ्या एकटीचा नाही, आणि फायलीतून गेला तेव्हा तो दोनदा परत आला आहे.

दर हिवाळ्यात मी बी.एस्सी.च्या मुलांना नागनदीवर नेते. सकाळी साडेसहाला अंबाझरी तलावाच्या काठावर पहिली बाटली भरतो आणि ऊन चढायच्या आत शहराच्या दुसऱ्या टोकाला, पारडीच्या बाजूला पोचून दुसरी. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची ही जुनी रीत आहे. काचेची बाटली हवेचा एक बुडबुडाही आत न राहू देता काठोकाठ भरायची, पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली नेऊन आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कधर्मी आयोडाइड सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटीसुलटी करायची. आत गाळ धरतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो गाळ बघता बघता तपकिरी होतो, काकवीसारखा. नसेल तर पांढराच राहतो. अंबाझरीची बाटली तपकिरी झाली. पारडीची पांढरी राहिली. मुलांनी ती पुन्हा हलवली, उन्हात धरली, पाच मिनिटं थांबून पाहिलं. पांढरीच. पुस्तकात त्यांनी हे समीकरण दहा वेळा लिहिलं होतं, पण त्या सकाळी कोणी बोलत नव्हतं. ज्या मँगनीजच्या खाणी आपल्या रामटेक आणि सावनेर तालुक्यांत आहेत, त्याच मँगनीजचा एक क्षार आपल्या शहराला नाव देणाऱ्या नदीत जीव उरला नसल्याचं सांगत होता.

काठाला लागून पालकाचे वाफे होते. नदीचं पाणी मोटारीनं उचलून वाफ्यांना सोडलेलं. जुड्या बांधत बसलेल्या एका बाईंनी आमचा सगळा खटाटोप पाहिला आणि विचारलं, काय निघालं म्हणून. एका मुलानं मोठ्या उत्साहानं सांगितलं की पाण्यात ऑक्सिजन शून्य आहे. त्या म्हणाल्या, "पानी खराब हाय थे मलेबी दिसते बापा. वासावरून समजते. तुमी मले येवढं सांगा, मी ह्या पान्यावर पालक लावू का नोको लावू? अन् नोको लावू तं काय लावू?"

आम्ही बाराजण होतो. एकालाही उत्तर देता आलं नाही, मलाही नाही.

त्या एका प्रश्नात किती विषय येतात ते बघा. पालकासारख्या पालेभाज्या मातीतले जड धातू पानांत किती ओढून घेतात, हे रसायन आणि मृदाशास्त्र. सांडपाण्यात नत्र-स्फुरद असतं म्हणून खताचा खर्च वाचतो, हा शेतीचा हिशेब. बाई अनवाणी चिखलात उभ्या असतात, त्यांच्या पायांवाटे आणि पोटात काय जातं, हे वैद्यकशास्त्र. जमीन त्यांची की बटईची, आणि काही बिघडलं तर दाद कोणाकडे मागायची, हा कायदा. बाजारात त्या जुडीला काय भाव मिळतो आणि दुसरं पीक घेतलं तर घर चालेल का, हे अर्थशास्त्र. यातलं कोणतंही एक उत्तर त्यांच्या हातात ठेवलं तर ते अर्धवटच नाही, धोक्याचं आहे. "लावू नका" म्हणून आम्ही घरी जाणार. उद्या त्यांनी चूल कशावर पेटवायची?

त्या बारा जणांत कुही तालुक्यातली एक मुलगी होती. तिच्या गावच्या शिवारातली बरीचशी जमीन गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली आहे. नागनदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबतं. म्हणजे पारडीला जी बाटली पांढरी राहिली, तिच्यातलं पाणी या मुलीच्या गावाकडे निघालेलं होतं. एम.एस्सी. झाल्यावर ती माझ्याकडे पीएच.डी.चा विषय घेऊन आली. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत असा होता : शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून रोज १३ कोटी लीटर कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं, ही चांगलीच गोष्ट आहे, कारण तेवढं पेंच धरणाचं गोडं पाणी वाचतं. पण पाणी असं वळत गेलं तर खालच्या काठावर त्याच पाण्यावर भाजी आणि चारा पिकवणाऱ्यांचं काय होतं? जे पाणी उरतं ते जास्त घट्ट होतं का? मातीत काय साठतं? आणि हे कोणी, कोणाला विचारून ठरवलं?

२४ वर्षांत एवढा चांगला प्रश्न माझ्यासमोर कोणी आणला नव्हता. तो एखाद्या परदेशी शोधनिबंधातून उचललेला नव्हता. नदीकाठी उभं राहून आणि घरी जेवताना ऐकलेल्या गोष्टींतून तो आला होता.

आराखडा रसायनशास्त्राच्या समितीपुढे गेला. शेरा आला, "विषय सामाजिक शास्त्रांकडे झुकतो." आम्ही अर्थशास्त्राच्या एका जाणकार प्राध्यापकांना सोबत घेऊन तो दुसऱ्या समितीपुढे नेला. तिथं शेरा मिळाला, "प्रयोगशाळेचा भाग जास्त, विषयाच्या कक्षेबाहेर." मग कोणीतरी आंतरविद्याशाखीय विद्याशाखेकडे जायला सुचवलं. तिथं सांगण्यात आलं की या विषयाचा मान्यताप्राप्त मार्गदर्शक यादीत नाही. माझी मान्यता रसायनशास्त्रात, सरांची अर्थशास्त्रात. दोघे मिळून एका विद्यार्थिनीला मार्गदर्शन करू म्हटलं तर फॉर्मवर तशी जागा नाही. या सगळ्यात दीड वर्ष गेलं. कोणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक समितीनं आपापला नियम पाळला. पण सगळ्यांनी नियम पाळल्यावर नेमका तोच प्रश्न बाहेर पडला, ज्याचं उत्तर या जिल्ह्याला हवं आहे.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानं चार विद्याशाखा ठरवल्या आणि त्यांतली एक आंतरविद्याशाखीय अभ्यासाचीच ठेवली. म्हणजे कायद्यानं दार करून ठेवलं आहे. आज त्या दाराआड शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण, पत्रकारिता असे विषय शेजारी शेजारी बसतात. प्रत्येक विषय महत्त्वाचा आहे, पण शेजारी बसणं वेगळं आणि एकाच कामाला हात लावणं वेगळं.

शिकवण्याची गोष्ट तर याहून दुखरी आहे. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली निकाल दिला, त्यातून पर्यावरण शिक्षण सक्तीचं झालं. २००३ मध्ये न्यायालयानं पुन्हा बजावल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. त्यात प्रत्यक्ष क्षेत्रभेटीचा भाग होता. भेट द्यायची जागा आपल्या भागातलीच असावी, नदी, जंगल, टेकडी, नाहीतर प्रदूषण झालेली एखादी जागा, असं त्यात सुचवलं होतं. हेतू किती सरळ होता! आता नव्या शैक्षणिक धोरणात त्याला क्रेडिट आहेत, नावं बदलली आहेत. वर्गात काय होतं ते मी सांगते, कारण मी तो वर्ग घेतलेला आहे. एका हॉलमध्ये वाणिज्य, कला आणि विज्ञानाची मिळून दीडशे मुलं. ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्या शिक्षकाकडे हा विषय जातो. शाश्वत विकासाची ब्रुंटलांड अहवालातली १९८७ सालची व्याख्या मुलं पाठ करतात. प्रकल्प म्हणजे कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारी स्पायरल बाइंडिंगची वही. एका वर्षी माझ्याकडे अंबाझरी तलावावरचे एकोणीस प्रकल्प आले. एकोणिसांत तेच फोटो, आणि तलावाच्या नावातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा एकच. मी ते सगळे पास केले. त्याची मला लाज वाटते.

आणि याच अंबाझरीनं २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस झाला, तलाव सांडव्यावरून ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या घरात पाणी शिरलं. जीव गेले. दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या परीनं बोलत होता : कोणी पाऊसच अतोनात झाला म्हणे, कोणी नदीपात्रातली बांधकामं दाखवी, कोणी १८७० च्या जुन्या बांधाबद्दल बोले. सगळ्यांचं थोडं थोडं खरं होतं. पण हवामान, जलशास्त्र, नगररचना, शहराचा इतिहास आणि महसुली नकाशे एका टेबलावर ठेवून या पुराचा अभ्यास करणारे विद्यार्थी आपल्याकडे तयार असते, तर निदान पुढच्या पावसाळ्यापूर्वी काठच्या लोकांसमोर एक नीट मांडणी ठेवता आली असती. माझ्या वर्गात त्या वस्तीतली दोन मुलं होती. त्यांची पुस्तकं पाण्यात गेली होती. त्या सत्रात त्यांनी पर्यावरणाच्या पेपरात "पुराची कारणे" हा प्रश्न सोडवला, पुस्तकात होता तसा, मुद्देसूद. स्वतःच्या घराबद्दल एक ओळ लिहायला त्या पेपरात जागा नव्हती.

इथं एक शब्दाची गोष्ट सांगाविशी वाटते. शाश्वत हा शब्द आपण इंग्रजीतल्या 'सस्टेनेबल'साठी घेतला, पण मराठीत तो कीर्तनातून आलेला आहे. जे कधीच नष्ट होत नाही ते शाश्वत. नदी, माती, विहीर यांतलं काहीच तसं नाही. आमच्याकडची शेतकरी बाई म्हणते "पुरवून वापरावं लागते", "बेणं राखावं लागते". पुरवणं आणि राखणं या दोन्ही क्रियापदांत करणारा माणूस आहे, रोजचं काम आहे. विषय शिकवताना मी हल्ली हेच शब्द वापरते आणि मुलांना लगेच कळतं.

ही शिकवण्याची रीत आपल्याला कुठून आणायची नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम, म्हणजे हातकामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, उभी राहिली. सूत कातताना मूल धाग्याची लांबी मोजतं, कापसाचं रोप ओळखतं, मँचेस्टरच्या कापडानं इथल्या विणकरांचं काय केलं ते विचारतं. गणित, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास एका टकळीभोवती फिरतात. त्याआधी १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात निघाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथल्या मगनवाडीत बसून तेलघाणी, गूळ, खत आणि चुली यांचं अर्थशास्त्र मांडत होते. हे नागपूरहून दीड-दोन तासांवर घडलेलं आहे. त्यात भाबडेपणा होता, यंत्राकडे पाहण्याची त्यांची नजर मला आजही पूर्ण पटत नाही. पण काम मध्ये ठेवायचं आणि विषय त्याच्याभोवती बोलवायचे, हे त्यांना कळलं होतं. पूर्व विदर्भातल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचंही तसंच. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले हे तलाव नुसता स्थापत्यशास्त्राचा विषय नाहीत. पाणी कोणत्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, आधी जाईल, मासोळी कोणाची, गाळ कोणी काढायचा, याची सगळी घडी त्यात आहे. अशा तलावावर एकट्या इंजिनियरला पाठवलं तर तो भिंत मोजून परत येईल.

नागपूरसारखं शहर या कामाला सापडणं कठीण. निरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ पासून इथं आहे. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण ब्यूरो आहे, कापूस संशोधन आणि लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाच्या केंद्रीय संस्था आहेत, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, प्रादेशिक हवामान केंद्र आहे, राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे, पशुवैद्यक विद्यापीठ आहे. खालची जमीनसुद्धा जणू मुद्दाम शिकवण्यासाठी रचलेली : शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट संपत येतो आणि पूर्वेला जुने, पट्ट्यापट्ट्यांचे नाइस खडक सुरू होतात, म्हणून विहिरीला पाणी लागण्याची तऱ्हा दहा-पंधरा किलोमीटरवर बदलते. एवढ्या संस्था एका शहरात असून आमच्या मुलांना त्यांचं दर्शन होतं ते बहुतेक विज्ञान दिनाला, रांगेत उभं राहून.

आपल्यातल्या काही ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप मला माहीत आहे, कारण त्यांनी तो मला समोरासमोर सांगितला आहे. अशा अभ्यासातून ना धड रसायनाचा, ना धड अर्थशास्त्राचा विद्यार्थी तयार होतो. हा आक्षेप मी मनापासून मान्य करते. ज्याला बाटलीत बुडबुडा राहिला हे दिसत नाही, त्यानं नदीबद्दल काढलेला निष्कर्ष कचरा आहे, मग तो कितीही कळकळीचा असो. आणखी एक अडचण आहे, तीही खरी. मिश्र विषयाची पदवी घेतलेला उमेदवार सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला गेला की छाननीतच "विषय जुळत नाही" म्हणून बाहेर पडतो. आम्ही आमच्या हौसेपायी मुलांच्या पोटावर पाय देऊ शकत नाही.

म्हणूनच मी नवीन पदवी मागत नाही, नवीन केंद्र मागत नाही. केंद्र म्हटलं की आधी इमारत, मग फलक, मग उद्घाटन, आणि मानधनावरचा एक शिक्षक. मुलं आपापल्या विषयातच राहू देत, तिथली शिस्त पक्की होऊ देत. फक्त प्रश्न मोठा असेल तेव्हा दोन विद्याशाखांतल्या दोन मार्गदर्शकांना मिळून एक विद्यार्थी घेता यावा, दोघांच्या खात्यावर तो धरला जावा, आणि असा आराखडा दोन्ही विषयांच्या तज्ज्ञांनी एकाच दिवशी, एकाच खोलीत बसून तपासावा. पदवी ज्या विषयात नोंदणी झाली त्याच विषयाची मिळावी. यासाठी विद्यापीठाच्या पीएच.डी.च्या अध्यादेशात थोडीच दुरुस्ती लागेल.

पदवीच्या पर्यावरण अभ्यासक्रमात मला याहून मोठा बदल हवा आहे. चार क्रेडिटांपैकी निम्मे तरी बाहेरच्या कामाला द्या. महाविद्यालयापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडायची. नाल्याचा अर्धा किलोमीटर चालेल, आठवडी बाजार चालेल, एखादी सार्वजनिक विहीर, कोराडी-खापरखेड्याच्या बाजूचं कॉलेज असेल तर वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यालगतचं गाव. वेगवेगळ्या शाखांची सहा-सात मुलं मिळून वर्षभर तीच जागा पाहतील. पुढच्या वर्षीची मुलं मागच्यांच्या नोंदी घेऊन पुढे जातील. दहा वर्षांत जिल्ह्यातल्या शेकडो जागांची नोंद विद्यापीठाकडे साठेल. अशी नोंद झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही. मात्र शिक्षकाला शनिवारची सकाळ वर्कलोडमध्ये धरून द्यावी लागेल, आणि दोन शिक्षक मिळून एक तास घेत असतील तर दोघांचाही पूर्ण तास मोजावा लागेल. अर्धा-अर्धा मोजलात तर कोणी येणार नाही. मी आज जाते ती माझ्या हौसेनं, बसचं भाडं बऱ्याचदा पदरचं घालून. असं कोणाच्या हौसेवर फार दिवस चालत नाही.

आणि जे सापडेल ते मराठीत लिहून त्या जागेवरच्या माणसांना वाचून दाखवणं हा मूल्यमापनाचा भाग असावा. यासाठी गुण ठेवा. आम्ही गेल्या हिवाळ्यात पुन्हा पारडीकडे गेलो, त्या बाई वाफ्यातच होत्या. त्यांनी ओळखलं. "सापडलं का उत्तर?" म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की एक मुलगी त्याच्यावर काम करणार आहे, परवानगी यायची आहे. कोणाची परवानगी, हे त्यांनी विचारलं, आणि मला ते नीट समजावून सांगता आलं नाही.

त्या मुलीनं आराखडा सुधारून तिसऱ्यांदा सादर केला आहे. नमुने कुठून आणि कोणत्या महिन्यांत घ्यायचे ते ठरलं आहे, काठावरच्या कुटुंबांशी बोलणं झालं आहे, दोन्ही विषयांची संदर्भसूची पूर्ण आहे. फॉर्मवर मार्गदर्शकाच्या नावासाठी एकच छापील ओळ आहे. तिनं पट्टी लावून तिच्याखाली पेनानं दुसरी ओळ आखली, एका ओळीवर माझं नाव लिहिलं, दुसरीवर सरांचं, आणि दोघांच्याही सह्या घेतल्या. आपल्या पुढच्या बैठकीच्या कागदांत तो फॉर्म असेल. आखलेल्या ओळीसाठी तो परत पाठवू नये, ही विनंती.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक अध्यापिका
नागपूर